अवांतर

पहिल्या सामन्यात आमच्या शाळेच्या एकोणतीस धावा झाल्या,
त्यांतल्या सोळा अवांतर.
म्हणजे आमच्या सर्वोत्तम फलंदाजाला
ना हात, ना पॅड,
ना गेटपाशी गाडीत वाट बघणारी आई.

मी वहीत लिहून घेतलं.
पेन्सिल दोन्ही टोकांना तासलेली,
इचलकरंजीत बाबा तासायचे तशी.
मला क्रिकेटसाठी कोणी बोलावलं नव्हतं.
मी केमिस्ट्रीची लॅब-टेक्निशियन;
त्यांना यष्ट्या हव्या होत्या,
म्हणून माझे लोखंडी स्टँड मागायला आले.
स्टँडबरोबर मीही गेले,
परत आणायला कोणीतरी हवंच होतं.

ओल्डममधला एप्रिल. मैदान इतकं उताराचं
की लाँग-ऑनचा मुलगा कमरेपासून वरच दिसतो.
चटईच्या खेळपट्टीसाठी कौन्सिलकडे अर्ज केला,
त्याचं भिजत घोंगडं झालं,
आणि या गावात घोंगडं तसंही वाळत नाही.

आता लांबच्या शाळांतले शिक्षक येतात,
विचारतात, कसं उभं केलंत हे?
त्यांना तक्ता हवा असतो, बाण काढलेला.
मी सांगते, ट्रेव्हर.
शाळेचा केअरटेकर. क्रिकेट म्हणजे त्याच्या लेखी
मध्येमध्ये उभं राहून प्यायचा चहा.
तो शनिवारी उजाडता उजाडता
मैदानावरची कुत्र्यांची घाण उचलायचा
आणि बादलीवर झाकण दाबत गंभीरपणे म्हणायचा,
आज चेंडू वळेल.

सांगते, भूगोलाच्या मिस पिकल्स,
मिनीबस त्याच चालवायच्या,
आणि हरून रडवेल्या झालेल्या पोरांना
खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्यांची नावं विचारायच्या.
सांगते, सुमैय्याचा मामा. रात्रभर टॅक्सी,
सकाळी नेटमध्ये गोलंदाजी, डोळे मिटत आलेले,
तरी यॉर्कर बरोबर अंगठ्यावर.

ते लिहून घेतात, ‘पालकांचा सहभाग’.

तन्झीमचं मी सांगत नाही.
तो पार्किंगमध्ये शिकलेला, टेप गुंडाळलेल्या चेंडूवर,
तिथला नियम : भिंतीपलीकडे गेला की बाद.
त्यामुळे तो सगळं जमिनीलगत मारायचा,
सुंदर, चिकट, एकेक धाव.
दोन उन्हाळे आम्ही त्याला सांगत होतो,
तन्झीम, इथे भिंत नाही रे.
तो मान हलवायचा, मग बघायचा आभाळाकडे
जणू तिथे कोणीतरी वीट लावून ठेवली आहे.

पाचव्या वर्षी ती पॅव्हेलियनवाली शाळा आली,
पांढरेशुभ्र, प्रत्येकाची स्वतःची किटबॅग.
आमचा ओस्कार गणवेशाच्या काळ्या पँटमध्ये.
शेवटच्या षटकात चार हव्या होत्या
आणि तन्झीमने बॅट उचलली.
लाँग-ऑनचा मुलगा मागे मागे जात
आधी कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत,
मग नुसती टोपी, मग काहीच नाही.
मी सहा लिहिले. हात हलला, सहाचा आठ झाल्यासारखा दिसतो,
अजून तसाच आहे, खोडलेला नाही.
चेंडू ट्रेव्हरला ऑक्टोबरमध्ये सापडला,
गोगलगायींनी कातडं खाल्लेला.

चषक आता रिसेप्शनच्या काचेत आहे.
शाळेच्या अहवालात लिहिलं आहे :
नेतृत्व, नियोजन, गुंतवणूक.
खोटं नाही ते. कौन्सिलने चटई दिली शेवटी,
जिंकल्यावर.

मी मात्र बेरीज वहीतलीच मानते,
तिथे अवांतर मिळवल्याशिवाय ‘एकूण’ लिहिता येत नाही.

स्टँड मी सगळे परत आणले, मोजून.
त्यांतला एक वाकलाय.
नववीची मुलं टायट्रेशन करतात
तेव्हा त्यावरची ब्युरेट जराशी ऑफकडे झुकते,
आणि थेंब फ्लास्कच्या कडेला पडतात.
मिस, हा असा का, ती विचारतात.
मी म्हणते, हा लेग स्टंप होता.